नुकतेच पाहिलेले परदेशी सिनेमे: आमच्या कोठ्यातली मतं

पऱ्हाटी (आर्वी तालुका, वर्धा)

परदेशी सिनेमांवर लिहिणारे एक वाक्य हमखास लिहितात: सिनेमा संथ आहे, पण धीर धरा. शेतकऱ्यांवरचा सिनेमा असेल तर ते ठरलेलंच. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

आमचं गाव कोरडवाहू. कापूस, तूर, सोयाबीन. उलंगवाडी (कापसाची शेवटची वेचणी) झाली की संध्याकाळी जरा मोकळ्या होतात, तेव्हापासून कोठ्याच्या (गुरांच्या गोठ्याच्या) चुना मारलेल्या भिंतीवर आम्ही सिनेमे लावतो. बसायला माझे सासरे (मी त्यांना मामाजी म्हणते), शेजारच्या काकू, आमच्या वावरात निंदण-वेचणीला येणाऱ्या बाया, जन्मभर सालदारकी केलेले एक आजोबा आणि सुट्टीवर आलेली कॉलेजातली पोट्टी. इंग्रजी उपशीर्षकं मी वाचते आणि आपल्या बोलीत मोठ्यानं सांगत जाते. एवढे सिनेमे या मंडळींसोबत पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. हे सिनेमे संथ नाहीतच. पडद्यावरचं काम ज्याला कळत नाही, त्याला ते संथ वाटतात.

सगळ्यात आधी 'रिटर्न टू डस्ट'. २०२२ चा चिनी सिनेमा, दिग्दर्शक ली रुईजुन. गान्सू प्रांतातलं कोरडं, वाऱ्याचं गाव. भावाभावजयांना नकोसा झालेला मा यौत्ये आणि तिच्या माहेरच्यांना नकोशी झालेली, लघवीवर ताबा नसलेली ग्वेइइंग, या दोघांचं लग्न लावून देतात. पुढं सिनेमाभर दोघं कामच करतात. गाढवाच्या जोरावर नांगरतात, पेरतात, कापतात, मातीच्या विटा पाडून घर बांधतात. यौत्येचं काम करणारा वू रेनलिन दिग्दर्शकाच्या नात्यातलाच खरा शेतकरी आहे. हे मी आधी कोणाला सांगितलं नव्हतं. आजोबांनी विळा धरायची त्याची पद्धत पाहिली आणि म्हणाले, "हा नट नाई, कास्तकार हाय." ग्वेइइंग झालेली हाय चिंग मात्र टीव्हीवरची नावाजलेली नटी. तिला गव्हाची पेंढी उचलताना पाहून बाया म्हणाल्या, हिनं हे काम मुद्दाम शिकून घेतलेलं दिसते.

विटांच्या प्रसंगात शहरातल्या माणसाला काही घडत नाही असं वाटेल. आमच्या कोठ्यात तेवढ्या वेळात वाद पेटला. कुटार (भुसा) किती टाकलं, पाऊस आला तर झाकायला काय आहे. आणि पुढं रात्री पाऊस येतोच. दोघं अंधारात धावतात, चिखलात पडतात, विटा झाकायची धडपड करतात. काकू उठून उभ्याच राहिल्या. वाळत घातलेल्या मालावर पाऊस आल्यावर घरात जी धांदल उडते ती ज्यानं भोगली आहे, त्याला ह्या प्रसंगासारखा थरार दुसऱ्या कुठल्या सिनेमात सापडायचा नाही.

दुसरी गोष्ट रक्ताची. गावातल्यांचे पैसे थकवलेला एक मोठा माणूस आजारी पडतो आणि त्याला चालणारं दुर्मीळ गटाचं रक्त गावात यौत्येचंच असतं. तो रक्त देत राहतो. बदल्यात बायकोसाठी कोट मिळतो, तर म्हणतो, कोटाचे पैसे मी फेडीन. परीक्षणांत याला भोळेपणा म्हटलेलं मी वाचलं. मामाजींचं म्हणणं वेगळं होतं: "तो भोया नाई. त्याले उधारी ठेवाची नाई, एवढंच हाय." मला हेच वाचन जास्त खरं वाटतं. गरिबाकडे अब्रू राखायला तेवढा एक हिशेबच उरलेला असतो.

आता 'अल्कारास'. तोही २०२२ चाच, कार्ला सिमोन यांचा, बर्लिन महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार गोल्डन बेअर मिळवणारा पहिला कॅटलान भाषेतला सिनेमा. स्पेनमधलं पीचच्या बागा असलेलं गाव. सोले कुटुंब पिढ्यानपिढ्या बाग सांभाळतं, पण जमीन दुसऱ्याच्या नावावर. यादवी युद्धात आजोबांच्या घरानं जमीनमालकांना लपवून वाचवलं होतं, तेव्हा मालकानं तोंडी शब्द दिला की जमीन तुमचीच समजा. कागद नाही. आता मालकाच्या वारसाला झाडं उपटून सौर पॅनल बसवायचे आहेत.

कागद नाही, हे ऐकल्यावर आमच्याकडे कोणाला काही समजावून सांगावंच लागलं नाही. म्हातारा अंजिरांची टोपली घेऊन मालकाच्या दारी जातो, तिथं एका बाईनं "काहून जाते हा तिथं?" असं रागानं विचारलं आणि दुसरीनं तिला गप्प केलं. घरातले नटही जवळजवळ सगळे त्याच भागातले, पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर आलेले. जेवताना एकमेकांचं बोलणं तोडत बोलतात, आणि बाप ताण आला की पोरांवर खेकसतो. सशांनी पिकाचं नुकसान करणं, रात्री बंदूक घेऊन फिरणं यावर आमच्याकडे रोही (नीलगाय) आणि रानडुकरांचा विषय निघाला, तेव्हा सिनेमा थांबवावा लागला. पिकाला भाव मिळावा म्हणून शेतकरी पीच रस्त्यावर ओततात तो प्रसंग मला मात्र थोडा बेतलेला वाटला. घरातल्या भांडणात जेवढा जीव आहे तेवढा तिथं नाही.

'ट्री ऑफ वुडन क्लॉग्ज' (१९७८, एर्मान्नो ओल्मी, कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार पाल्म दोर) तीन तासांचा आहे, आणि सगळे शेवटपर्यंत बसले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा इटलीतला बेर्गामो भाग, बटईची शेती. पिकाच्या तीन भागांतले दोन मालकाचे. ओल्मींनी खरे शेतकरी घेतले, त्यांचीच बोली ठेवली, कॅमेरा आणि संकलनही स्वतःच केलं. एक जण सापडलेलं सोन्याचं नाणं घोड्याच्या खुरात लपवतो आणि ते हरवतं, तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली. पण मुलाच्या शाळेसाठी बाप मालकाचं झाड चोरून तोडतो आणि त्याची खडावं करतो, आणि त्यापायी घरदार सोडावं लागतं, तिथं एक प्रश्न आला तो अजून सुटलेला नाही. वाड्यातली बाकीची कुटुंबं त्यांना निरोप द्यायला बाहेर का येत नाहीत? आत बसून प्रार्थना करतात, बंडी (गाडी) भरली जाते, कोणी बाहेर येत नाही. पोट्टी म्हणाली, भित्रे आहेत. आजोबा म्हणाले, त्यांचंही घर मालकाचंच ना. यावर तुमचं मत हवं आहे.

'रॅम्स' (आइसलँड, २०१५) छान. शेजारी राहणारे दोन सख्खे भाऊ चाळीस वर्षं बोलत नाहीत, कुत्र्याच्या तोंडी चिठ्ठ्या पाठवतात. धुऱ्यावरून (बांधावरून) भाऊबंदकी झालेल्या गावात यावर जास्त काय सांगणार. मेंढरांवर रोग येतो आणि सगळा कळप मारायचा हुकूम निघतो, तिथून सिनेमा फार वर जातो.

'ट्युरिन हॉर्स' (बेला तार, २०११) आवडला नाही. त्यावर कोणी विचारलं तर लिहीन.

तिसरी रांग (नागपूर)

मी विचारतो. 'ट्युरिन हॉर्स' नावडणं समजू शकतो, पण तुमच्याच मुद्द्यानं तो आवडायला हवा होता. अडीच तासांत जेमतेम तीस शॉट. मुलगी एका हातानं अधू बापाला कपडे घालते, विहिरीवरून पाणी आणते, बटाटे उकडते, दोघं हातानं सोलून खातात. रोज तेच, पण दर दिवशी कॅमेरा वेगळ्या जागी. कामाचं इतकं निखळ चित्रण दुसरीकडे नाही. मग विहीर आटते, दिवा पेटेनासा होतो. हा शेतकऱ्यांवरचा सिनेमा नाही, जग विझत जाण्याचा सिनेमा आहे.

पऱ्हाटी

कपडे घालण्याचे प्रसंग मलाही पटले. लुळ्या माणसाची सेवा केलेल्या काकूंनाही पटले. आमचं घोडं अडलं ते घोड्यापाशीच. जनावर चारा सोडतं, हलत नाही. बाप आधी चाबूक ओढतो. मुलगी चारापाणी पुढं करते, विनवते. पण जनावरावर पोट असलेला कोणीच त्याचं तोंड उघडून पाहत नाही, पोटावर हात ठेवत नाही, कान गार आहेत का बघत नाही. मामाजी बैलाला ठणक लागली तर रात्रभर कोठ्यात बसतात. जग बुडताना दाखवायला हरकत नाही, पण बुडणारी माणसं आधी त्यांच्या कामात पक्की दिसली पाहिजेत, नाहीतर त्यांच्या बुडण्याचं दुःख मला होत नाही. तारच्या सिनेमात वारा सुंदर आहे, घोडा फक्त खूण म्हणून उभा केलेला आहे.

तिसरी रांग (नागपूर)

घोडा खूण आहे हे खरं, सिनेमा सुरूच होतो १८८९ साली जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेनं घोड्याच्या गळ्यात पडण्याच्या गोष्टीपासून. मला ते चालतं. तुमचा निकष लावला तर जगातले निम्मे मोठे सिनेमे बाद होतील. तरी घोड्याच्या तोंडाचा मुद्दा इतक्या वेळा पाहूनही माझ्या डोक्यात आला नव्हता.

मृगबहार (वरुड)

अल्कारासबद्दल. आमची संत्र्याची बाग आहे, शिवाय काही एकर मक्त्यानं (भाड्यानं) केलेली. सिनेमात शेवटी यंत्र येऊन झाडं उपटतं आणि घरातले अंगणात पीचच्या बरण्या भरत असतात, त्या वेळी माझ्या वडिलांना पुढं पाहवेना. आमच्या भागात पाण्याअभावी उभ्या बागांवर जेसीबी चालवलेले लोकांनी पाहिले आहेत. दहा-बारा वर्षं लेकरासारखी वाढवलेली झाडं.

कागदाचा मुद्दा आपल्याकडे उलट्या बाजूनंही लागू होतो. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कूळकायदा आहे. कूळ लागेल या धाकानं मालक लिहून देत नाही आणि करणाऱ्याच्या हाती काही राहत नाही. पिकाचं नुकसान झालं तर मदत सातबाऱ्यावरच्या नावाला. सोले कुटुंबाचं दुखणं मला परकं वाटलं नाही ते म्हणूनच.

पण एक सांगतो, सौर पॅनलवाला जावई मला खलनायक वाटला नाही. सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेत जमिनीला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडं आहे. पडीक जमीन असलेल्याला ते नको कसं वाटेल? ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला भाडं, आणि जो ती कसत होता त्याला काय, हा सिनेमाचा खरा प्रश्न.

पऱ्हाटी

मृगबहार भाऊ, शेवटचं वाक्य अगदी बरोबर. दिग्दर्शिकेच्या स्वतःच्या घरचे त्याच गावात पीच पिकवतात, म्हणूनच जावयालाही तिनं न्याय दिला आहे. बहीण-मेहुणा पॅनलच्या बाजूनं आहेत म्हणून जेवणाची पंगत मोडते, लहान पोरांचं एकत्र खेळणं बंद होतं. जमिनीआधी नातं तुटतं.

लेकमाहेरची (पुणे, मूळ घाटंजी)

एक विचारायचं होतं. 'रिटर्न टू डस्ट'चा शेवट तुम्ही सगळ्यांसमोर दाखवलात? आमच्या गावात ज्या घरांतून माणूस गेला, त्या घरातल्या बायाही अशा ठिकाणी येऊन बसतात. मला तो शेवट एकटीला पाहतानाही जड गेला.

पऱ्हाटी

(शेवट सांगते आहे. ज्यांना नको त्यांनी हा प्रतिसाद सोडून द्यावा.)

ताई, दाखवला, पण आधी सांगून. शेवटी काय होतं ते मी सुरू करण्याआधीच बोलले आणि ज्यांना उठायचं त्यांनी मध्ये उठावं असं ठरवलं. बायको गेल्यावर यौत्ये धान्य विकतो, सगळ्यांची देणी देतो, उसनी घेतलेली अंडीसुद्धा परत करतो, गाढवाला मोकळं सोडतो आणि घरात आडवा होतो. दिग्दर्शक पुढचं दाखवत नाही. चीनमधल्या प्रदर्शनात शेवटी एक पाटी जोडली गेली, की गावाच्या नि सरकारच्या मदतीनं तो नव्या घरात राहायला गेला. सिनेमा तोंडोतोंडी पसरून प्रचंड चालला, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या ऑनलाइन ठिकाणांवरून काढूनच टाकला गेला.

आमच्याकडे ज्या बाईचा नवरा गेला, ती शेवटपर्यंत बसली. नंतर तिनं जे सांगितलं ते तिच्या परवानगीनं लिहिते: देणं सगळं फिटलं तरी माणूस जातो, हे लोकांना कळत नाही, लोक फक्त कर्जाचा आकडा विचारतात. मी वर मामाजींचं हिशेबाबद्दलचं बोलणं लिहिलं, त्याची ही दुसरी बाजू. यौत्येला कर्जानं मारलेलं नाही. ज्या एका माणसानं त्याला माणूस मानलं ते माणूस गेलं. आपल्याकडच्या बातम्यांत ही गोष्ट कधी येत नाही. दाखवायचा की नाही हे गाव पाहून ठरवावं, पण दाखवलात तर नंतर सगळ्यांना लगेच घरी पाठवू नका. चहा ठेवा, बसा, बोलू द्या.

लेकमाहेरची (पुणे, मूळ घाटंजी)

हे वाचून बरं वाटलं. उन्हाळ्यात गावी जाईन तेव्हा आईसोबत पाहीन. 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) हा शेतकरी आत्महत्येवरचा मराठी सिनेमा आम्ही दोघींनी पाहिला होता. त्यातही ती बायको नवऱ्यावर सतत नजर ठेवते तो धाक आईनं ओळखला होता.

वडसाकर (देसाईगंज)

संथपणाच्या मुद्द्याला आमच्या झाडीपट्टीतून पाठिंबा. दिवाळीनंतर मंडई, शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू झाले की इकडे रात्री नाटक लागतं ते उजाडेपर्यंत चालतं. लोक तिकीट काढून, थंडीत घोंगडी पांघरून बसतात. धानाच्या शेतात दिवसभर राबलेली माणसं. त्यांना तीन तास बसवत नाही हे कोण म्हणतं? फक्त त्यांना गोष्टीत आपला माणूस दिसला पाहिजे.

एक तक्रारही आहे. तुम्ही उपशीर्षकं सांगता म्हणजे मधे तुमचा आवाज येतो. शांत प्रसंग बिघडत नाहीत का?

पऱ्हाटी

शांत प्रसंगात मी गप्पच बसते, तिथं सांगायलाही काही नसतं. बाकी ठिकाणी मी प्रत्येक वाक्य सांगत नाही, कोण कोणाचा कोण आणि भांडण कशावरून एवढं सांगितलं की लोक चेहऱ्यावरून पुढचं घेतात.

तिसरी रांग (नागपूर)

याला मोठी परंपरा आहे. जपानमध्ये मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे बेन्शी असत, काही जण तर नटांपेक्षा लोकप्रिय होते. जपानी दिग्दर्शक कुरोसावांचा थोरला भाऊ बेन्शीच होता. आणि इराणचा 'गाय' (१९६९, दारियुश मेहरजुई) देशात बंदी असताना चोरून १९७१ च्या व्हेनिस महोत्सवात गेला आणि उपशीर्षकांशिवाय दाखवूनही गाजला. तुमच्या मंडळींना तो दाखवाच.

कोरडवाहू (दारव्हा)

'गाय' मी पाहिला आहे, जपून दाखवा. गावात एकच गाय, मश्द हसनची. तो बाहेरगावी असताना ती मरते. गावकरी त्याला खरं सांगत नाहीत, गाय पुरून टाकतात आणि पळाली म्हणतात. तो मानतच नाही. कोठ्यात जाऊन कडबा खायला लागतो, मीच हसनची गाय म्हणतो. शेवटी त्याला बांधून शहराकडे नेतात आणि वाटेत त्याचाच एक सोबती त्याला ढोरासारखा हाणतो. पाहिल्यानंतर मला झोप आली नाही. लम्पीच्या साथीत आमच्या गावात गायी गेल्या तेव्हा लोकांनी एकमेकांना काय काय खोटं सांगितलं ते आठवलं.

वुडन क्लॉग्जच्या तुमच्या प्रश्नावर: मी आजोबांच्या बाजूचा. पण प्रार्थना करणं म्हणजे काहीच न करणं, असंही मला वाटत नाही. बाहेर येऊन उभे राहिले असते तर जाणाऱ्याला अजून लाज वाटली असती. गाव सोडणाऱ्याला पाहू नये, असं आमची आजी म्हणायची.

मृगबहार (वरुड)

मी पोट्टीच्या बाजूचा. एकजण तरी बंडीला हात लावायला आला पाहिजे होता. ओल्मी त्यांना माफ करतात, मी करत नाही.

पऱ्हाटी

दोन्ही मतं कोठ्यात वाचून दाखवते, वाद पुन्हा सुरू होईल. माझं विचाराल तर मी मृगबहार भाऊंसोबत. ओल्मींच्या सिनेमातली श्रद्धा मला भावली, विधवा बाई आजारी गायीला देवाचं पाणी पाजते आणि गाय उठते तेही मी मान्य केलं, पण शेवटी त्या श्रद्धेआड सगळे लपतात असं वाटत राहिलं. 'गाय' पुढच्या महिन्यात लावू, मामाजींना आधी गोष्ट सांगून.

वडसाकर (देसाईगंज)

एक विनंती. आमच्याकडे असं सुरू करायचं ठरतं आहे. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी लहान पोरं असतील, मोठेही असतील. पहिला कोणता लावू? वरचे सगळे जड आहेत.

पऱ्हाटी

अब्बास किआरोस्तामींचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस?' (१९८७) लावा. इराणमधल्या कोकर गावचा आठ वर्षांचा अहमद. मित्राची वही चुकून त्याच्या दप्तरात आलेली, गृहपाठ वहीत केला नाही तर मास्तर मित्राला शाळेतून काढणार. अहमद डोंगरापलीकडच्या गावात मित्राचं घर शोधत फिरतो आणि एकही मोठा माणूस त्याचं ऐकून घेत नाही. आई कामाला लावते, आजोबा उगीच पाणउतारा करतात. मुलांना हे लगेच कळतं. आजोबांचं शिस्तीवरचं भाषण येईल तेव्हा तुमच्या गावचे म्हातारे काय म्हणतात ते इथं जरूर लिहा, आमच्याकडे दोन तट पडले होते. दीड तासाच्या आत संपतो, बोलणं सोपं आहे, त्यामुळे सांगायलाही त्रास नाही. भिंतीचं तोंड पश्चिमेला असेल तर दिवेलागणीनंतरच सुरू करा, आणि आवाजासाठी भजनी मंडळाचा भोंगा नको, घरगुती स्पीकर पुरतो. भोंग्यात पोराचा आवाज फाटतो.